सात नावं, आठ आवाज

कोल्हापूर जिल्ह्यातली पाहण्यासारखी ठिकाणं आमच्या आत्याच्या यजमानांइतकी कुणी पाहिली नसतील, आणि पाहायला जाऊन त्यांच्याइतकं कमी कुणी पाहिलं नसेल. हे मी रागानं म्हणत नाही. लहानपणापासून त्यांच्याबरोबर हिंडलोय म्हणून म्हणतो. पन्हाळा, मसाई, खिद्रापूर, गगनबावडा, पार चंदगडच्या टोकाचा पारगड, सगळीकडे हा माणूस शंभरदा गेलेला आहे आणि सगळीकडे देखाव्याला पाठ करून उभा राहिलेला आहे. लोक सूर्यास्ताकडं बघतात, हे लोकांकडं बघतात. पन्हाळ्याच्या सज्जाकोठीवरून दरी कशी दिसते ते त्यांना सांगता यायचं नाही, पण ती दरी बघताना माझ्या बहिणीचं तोंड किती वेळ उघडं राहिलं होतं ते मात्र अजून सांगतील. आत्याचा नवरा म्हणजे आमच्याकडच्या रीतीप्रमाणं मामा. हे मामा एस.टी.त कंडक्टर होते, कोल्हापूर-चंदगड मार्गावर, आणि माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथंच आहे. ज्यानं उभा जन्म ड्रायव्हरकडं पाठ करून माणसं मोजण्यात घालवला, त्याला साक्षात देव भेटला तरी तो आधी मागं कोण राहिलंय का ते बघणार.

कुठल्याही ठिकाणी शिरण्याआधी मामा चपला काढायचे, उंबऱ्यावर उभे असल्यासारखे थांबायचे आणि मोठ्यानं विचारायचे, "येऊ का?" मग उत्तराची वाट बघायची. मागं लोक खोळंबायचे, पोरं खिदळायची, आई पदर तोंडाला लावायची. बहुतेक वेळा ठिकाण 'या' म्हणायचं आणि आम्ही आत जायचो. पण एकदा पन्हाळ्याला तीन दरवाजापाशी त्यांनी दोनदा विचारलं, मान तिरकी करून ऐकलं आणि चपला परत पायात घातल्या. "न्हाय म्हणतंय," म्हणाले. माझे वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. ते चिडून म्हणाले, "अहो, ठिकाण कुठं बोलतं का?" मामा शांतपणे म्हणाले, "रोज बोलतंय ओ. आज बोलंना झालंय, म्हणून तर कळालं." झालं. पहाटे उठून केलेल्या भाकऱ्या, खर्डा आणि दही आम्ही पार्किंगमध्ये बसून खाल्लं आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी मी पेपर चाळून काढला. पन्हाळ्यावर काही झाल्याची एक ओळ नव्हती. एखादी दरड पडली असती, कुणाला साप चावला असता तर निदान कारण तरी कळलं असतं. ते कळलं नाही म्हणून तीन दरवाजातून आत जाताना अजून माझी पाठ जराशी ताठ होते.

त्यांचा सिद्धान्त असा, की चांगलं ठिकाण म्हणजे माणूस धरून ठेवणारं ठिकाण. आपण बघून परत येतो असं आपल्याला वाटतं, पण आपण अख्खे परत येत नाही. थोडे तिथंच राहतो. पुण्याहून कुणी पाहुणे आले आणि त्यांनी 'इकडं बघण्यासारखं काय काय आहे' असं विचारलं, की मामा खुर्ची पुढं ओढून मापं सांगायला लागायचे. रंकाळ्याला कुणी राहत नाही, भेळ खाऊन माणूस अख्खा परत येतो. पन्हाळ्याला माणूस पाव राहतो. खिद्रापूरच्या देवळात, तो मधला गोल मंडप आहे ना, जिथं छताला भोक आहे आणि वरून आभाळ दिसतं, तिथं निम्मा. पारगडला पाऊण. पाहुणे हसून विचारायचे, "आणि मसाई पठार?" त्यावर मामा पानाचा डबा उघडायचे, बंद करायचे आणि म्हणायचे, "तुमच्या घरात माणसं किती हायती त्यावर बगा." पाहुणे दुसऱ्या दिवशी देवीचं दर्शन घेऊन, चपला खरेदी करून परत पुण्याला जायचे.

यावर त्यांच्याकडं उपाय होता. निघताना ते प्रत्येकाचं नाव घेऊन हाक मारायचे, आणि ज्याचं नाव त्यानंच "आलो" म्हणायचं. 'हो' चालायचं नाही, मान हलवलेली चालायची नाही, एकाचं दुसऱ्यानं उत्तर दिलेलं तर अजिबात चालायचं नाही. आमच्याकडं बायकाही 'आलो'च म्हणतात, त्यामुळं सगळ्यांचं उत्तर एकच. सगळे 'आलो' झाले की मामा गाडीच्या टपावर बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकायचे, टक टक, की गाडी सुटली. वडिलांना हा प्रकार पोरकट वाटायचा. एकदा अंधारबावीपाशी, ती खाली खाली उतरत जाणारी दगडी विहीर आहे तिथं, त्यांनी मुद्दाम उत्तर दिलं नाही. मामांनी तीनदा हाक मारली, वडील बिडी ओढत बसले. संध्याकाळी घरी आल्यावर वडिलांना सणकून ताप. मामांना निरोप गेला तसे ते सकाळच्या पहिल्या गाडीनं पन्हाळ्याला गेले, बावीच्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाऊन त्यांनी वडिलांच्या नावानं हाक मारली आणि दहाच्या सुमाराला आमच्या दारात येऊन म्हणाले, "आणलंय." वडील तेव्हा अंथरुणात बसून चहा पीत होते. गोळी लागू पडली असं ते पुढं आयुष्यभर सांगत राहिले, पण त्यानंतर सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं 'आलो' तेच म्हणायचे.

आणि मग ती मसाईची गोष्ट, जी आमच्या घरात लग्नाकार्यात, बारशात, अगदी तेराव्याच्या जेवणावळीत सुद्धा कुणी ना कुणी सांगतोच. मी तेव्हा नववीत होतो. भाड्याची ट्रॅक्स करून आम्ही मसाई पठारावर गेलो होतो. मैलभर सपाट जागा, गवतात बारीक फुलं, मधे पावसाळी पाण्याची तळी, आणि कडेला एकदम काही नाही, सरळ खाली. जेवणं झाली आणि पाच मिनिटांत धुकं आलं. धुकं म्हणजे असं, की आपलेच पाय शोधावे लागत होते. मामांनी घाईघाईनं हाका मारायला सुरुवात केली. सात नावं घेतली. धुक्यातून उत्तरं आली: आलो, आलो, आलो, आलो, आलो, आलो, आलो. मामा टपावर ठोकणार तोच मागून, जरा लांबून, आणखी एक आवाज आला. "आलो." बाईचा की बाप्याचा ते कळेना. माझ्या बहिणीनं आईचा हात धरला. मामांनी मात्र तोल जाऊ दिला नाही. धुक्याकडं तोंड करून, चुकीच्या गाडीत चढणाऱ्या प्रवाशाला सांगावं तसं मर्यादेनं म्हणाले, "पावणं, तुमचं नाव घेतलं न्हाय. तुम्ही आपल्या गाडीनं या." आणि टक टक. उताराला लागेपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही, आणि नंतर तीस वर्षं कुणी गप्प बसलं नाही. 'आपल्या गाडीनं या' हे आमच्या घरात नको असलेल्या पाहुण्याला उद्देशून म्हणायचं वाक्यच होऊन बसलं.

तीनेक वर्षांपूर्वी आत्या हरवायला लागली. आधी चहात मीठ, मग दुधाच्या पातेल्यात पोह्यांऐवजी साबण. मंगळवार पेठेतल्या ज्या घरात तिनं दोन पोरं वाढवली त्या घराच्या न्हाणीतून बाहेर पडताना 'हे कुणाचं घर?' म्हणून विचारायला लागली. पोरं नोकरीनिमित्त लांब. पोरं घरी आली की आत्या त्यांना 'बसा, पाणी आणते कुणीतरी' म्हणायची. बोलणं कमी होत होत दिवसाला दोन-तीन शब्दांवर आलं. एका डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडासमोर धरून नीट समजावून सांगितलं, की इथं इथं झीज झालेली आहे, आता ती वाढत जाणार. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी मनापासून विचारलं, "ते झालं. पण झिजलेलं जातं कुठं?" डॉक्टर चांगला माणूस होता, तो हसला नाही. पण उत्तर त्याच्याकडं नव्हतं, आणि मामांकडं होतं.

त्याच आठवड्यात मला बोलावणं आलं. मी गेलो तर मामा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ठिकाणांची यादी करत बसले होते. लग्नापासून आत्याला घेऊन जिथं जिथं गेले ती सगळी. म्हणाले, "तुझ्याकडं गाडी हाय. रविवारी सुट्टी हाय." मी म्हटलं, मामा, आत्याला या अवस्थेत हिंडवून काय होणार? तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "ती सगळीकडं राहिलीया रं. हितं पाव, तितं निम्मी. सगळ्यांस्नी हाका मारून आणलं. हिचं नाव तेवढं घेतलं न्हाय." मला आधी कळेना. मग कळलं. आमच्याकडं त्यांच्या वयाचा माणूस चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. 'अगं', 'ऐकलं का', फारच प्रेम आलं तर 'पोरांची आई'. तेही घरात. बाहेर तर नुसतं खाकरायचं, की ती उठून मागं चालायला लागायची. सगळ्या पाव्हण्यारावळ्यांना, ट्रॅक्सच्या ड्रायव्हरला सुद्धा, नावानं गोळा करून आणणाऱ्या या माणसानं चव्वेचाळीस वर्षांत बायकोला कुठूनच हाक मारून आणली नव्हती. ती आपली मागं मागं येत होती असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

मी या खुळात का सामील झालो ते मला सांगता येणार नाही. चिडचिड करत सामील झालो एवढं खरं. रविवारची झोप जायची, पेट्रोल जायचं आणि वर मामा पुढच्या सीटवर उलटं वळून बसायचे, आत्याकडं तोंड करून, त्यामुळं मला डावीकडचा आरसा दिसायचा नाही. पहिली फेरी पन्हाळ्याची. अंधारबावीच्या तोंडाशी मामा उभे राहिले, घसा साफ केला, कानापर्यंत लाल झाले, आणि नाव काही तोंडातून निघेना. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा नव्या नवरदेवासारखा लाजत होता. शेवटी त्यांनी बावीत वाकून हाक मारली ती "अगं ए!" अशी. आतून तीन मजल्यांचं 'अगं ए' परत वर आलं. शेजारी फोटो काढत असलेल्या दोन बायकांनी वळून असं काही बघितलं, की मला पुढं होऊन 'त्यांना नव्हे, विहिरीला' असा खुलासा करावा लागला. त्यानं त्या आणखीच लांब सरकल्या.

खिद्रापूरला त्यांनी तोड काढली. नाव घ्यायला लाज वाटते ना, मग उखाण्यात घ्यायचं. उखाण्यात कुणीही बायकोचं नाव घेतो. त्या गोल मंडपाच्या बरोबर मध्यावर, वरून पडणाऱ्या उजेडात उभं राहून त्यांनी टोपी सारखी केली आणि त्यांना येत असलेला एकुलता एक उखाणा म्हटला: "पन्हाळ्याच्या वाटेला करवंदाची जाळी, शालनचं नाव घेतो सत्यनारायणाच्या वेळी." कुठल्याशा शाळेची सहल आली होती, त्या पोरांनी खांबांच्या आडून टाळ्या वाजवल्या. मला हसूही येईना. कारण टाळ्या थांबल्यावर सुद्धा वरच्या त्या गोलाकडून काहीतरी हलल्यासारखं झालं आणि मंडपातलं ऊन एकदम गार वाटलं. गाडीत परत आलो. उसाच्या बैलगाड्यांच्या मागून हळूहळू निघालो, तोच मागच्या सीटवरून आत्या म्हणाली, "हत्ती मोजलासा?" देवळाच्या पायाशी दगडात हत्ती कोरलेले आहेत. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं तिथं आले तेव्हा तिनं ते मोजले होते, असं मामा म्हणाले. नंतर घरापर्यंत ती काही बोलली नाही. पण मामांनी यादीत खिद्रापूरपुढं खूण केली आणि रुमालानं डोळे पुसत मला सांगितलं, "थोडी आली."

पारगडला ते एकटेच वर चढले. साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. आत्याला घेऊन मी खाली थांबलो. दोन तासांनी भिजून, धापा टाकत उतरले. "घेतलं नाव," म्हणाले. "उखाणा न घालता. पर बारीक आवाजात." बारीक आवाजातलं बहुधा पोचलं नसावं. आत्या तशीच खिडकीबाहेर बघत बसली होती, ज्या दिशेला बघण्यासारखं काही नव्हतं.

मग मसाई राहिलं. मामा ते टाळत होते हे मला दिसत होतं. गेल्या भाद्रपदात एका रविवारी स्वतःच म्हणाले, चल. दुपारचे तीन वाजले असतील. पन्हाळा मागं टाकून आम्ही पठाराच्या कच्च्या रस्त्याला लागलो आणि सवयीप्रमाणं धुकं आलं. गाई कुठंतरी चरत होत्या, त्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, कधी डावीकडं, कधी अगदी बॉनेटसमोर, आणि गाय एकही दिसत नव्हती. मला उगीचच बोलावंसं वाटायला लागलं. गप्प बसलं की त्या घंटा फार ऐकू यायच्या. मी म्हटलं, "मामा, ते आठव्याचं इथंच झालतं नव्हं?"

"हितंच. त्या तळ्याच्या अंगाला."

मी गंमत म्हणून स्टिअरिंगवर बोटं मोजायला लागलो. लहानपणापासून पाठ असलेली मोजणी. "आई, बाबा, मी, बहीण, तुमची दोन पोरं आणि ड्रायव्हर. सात." आणि पुढं विचार न करताच तोंडातून गेलं, "आत्या कुठं होती तेव्हा?"

"तळ्यावर," मामा म्हणाले. "डबं धूत हुती."

एवढं बोलून ते थांबले. मीही गाडी थांबवली. आरशात आत्या दिसत होती, मांडीवर हात ठेवून बसलेली. तीस वर्षं आम्ही ती गोष्ट सांगत होतो. सांगताना अंगावर काटा आणत होतो, हसत होतो, त्या आठव्याला कुणी गवळी केलं, कुणी शिपाई केलं, कुणी कड्यावरून पडलेली बाई केलं. आम्ही त्या दिवशी पठारावर गेलो होतो नऊजण, आणि इतक्या वर्षांत आमच्यातल्या एकालाही आत्याला मोजायचं सुचलं नव्हतं. ती डबे धुऊन येत होती. सगळ्यांची नावं झाली, आपलं येणार नाही हे तिला ठाऊकच होतं, म्हणून तिनं आपणहून उत्तर दिलं होतं, आणि मग डबे घेऊन गुपचूप मागच्या दारानं गाडीत येऊन बसली असणार. मला लाज वाटली. अशी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

"मी म्हटलं," मामा म्हणाले, "पावणं, तुम्ही आपल्या गाडीनं या." त्यांचा आवाज साधाच होता, आणि हात दाराच्या खिट्टीवर गेला होता. "पोरा, ती हितं हाय. सगळी हितंच हाय."

ते उतरले. मी लगेच ओळखलं की काहीतरी बिनसलंय, कारण त्यांनी चपला काढल्या नाहीत आणि 'येऊ का' विचारलं नाही. उभे राहिले तेही धुक्याकडं तोंड करून, आमच्याकडं पाठ करून. आयुष्यात पहिल्यांदा. आणि त्यांनी नाव घेतलं. उखाणा नाही, खाकरणं नाही. "शालन." मग मोठ्यानं, एस.टी. स्टँडवर गर्दीत मारावी तशी हाक: "शालन!" घंटा वाजायच्या थांबल्या. तिसऱ्यांदा त्यांनी हाक मारली तेव्हा समोरून, बरंच लांबून, पातळसं उत्तर आलं. "आलो."

मी आरशात बघितलं. आत्याचे ओठ मिटलेले होते. ती काचेतून मामांच्या पाठीकडं बघत होती.

मामा चालायला लागले. घाईनं नव्हे, भेटायला निघाल्यासारखे. चार पावलांत कमरेपर्यंत धुक्यात गेले, सहा पावलांत नुसती टोपी उरली, आणि मग तीही नाही. कडा त्या अंगालाच आहे हे मला माहीत होतं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी दार उघडून ओरडलो, "मामा! पुढं कडा हाय, मागं फिरा!" काही नाही. पुन्हा ओरडलो. मामा, मामा. मग माझ्या लक्षात आलं की मामा हे काही त्यांचं नाव नव्हे. अर्धी मंगळवार पेठ त्यांना मामा म्हणते. त्यांचाच नियम होता, नावानं हाक मारायची. नाव मला ठाऊक होतं आणि ते माझ्या जिभेवर येईना. वडीलधाऱ्याचं नाव कसं घ्यायचं, हे असल्या वेळी सुद्धा माझ्या मनात आलं. धावत जावं तर आत्याला एकटं सोडून कसं जाणार? मी एक पाय गाडीत आणि एक पाय गवतात असा उभा होतो. समोरून पुन्हा ते 'आलो' ऐकू आलं, आधीपेक्षा लांबून.

तेवढ्यात मागची काच खाली गेली. ते बटण कुठं असतं हे आत्याला गेल्या सहा महिन्यांत एकदाही सापडलं नव्हतं. तिनं डोकं बाहेर काढलं आणि त्यांना हाक मारली. त्यांच्या नावानं. मागं राव नाही, पुढं अवो नाही. गल्लीत खेळणाऱ्या पोराला दिवेलागणीला आईनं आत बोलवावं, तशी. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं हे ती विसरली होती. बाकी सगळं विसरली तेव्हाच केव्हातरी तेही विसरली असणार, आणि त्या विसरण्याचे मी अजून आभार मानतो. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते तिनं घेतलेलं आहे, तिच्यापाशी राहू दे.

पठारावर कसलाच आवाज नव्हता. मग उजवीकडून, भलत्याच दिशेनं, ते म्हणाले, "आलो."

ते आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं आणि एका पायात चप्पल नव्हती. मी विचारलं, कडा किती लांब होता? ते म्हणाले, "चप्पल गेली तेवढा." पुढच्या सीटवर न बसता ते मागं आत्याशेजारी जाऊन बसले. आजवर मी त्यांना कुठल्याही गाडीत तिच्याशेजारी बसलेलं पाहिलं नव्हतं. आत्यानं त्यांच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "लई वेळ लावलासा." मामा म्हणाले, "व्हय. चुकलं माझं." तिनं मान हलवली आणि परत खिडकीबाहेर बघायला लागली. मामांनी आतूनच हात वर करून टपाला दोनदा ठोकलं. उतार संपला. मग न राहवून मी विचारलं, की समोरून उत्तर कोण देत होतं? "आता बगाय जाणार न्हाय," एवढंच मामा म्हणाले. "माझी हितं बसलीया."

आत्या बरी झाली असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. डॉक्टर म्हणाले तसंच चाललंय. आता मामांना सुद्धा ती ओळखते असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. भाकरी भरवायला आले की 'तुम्ही कुणाकडचं?' म्हणते. पण ते नजरेआड झाले, की त्यांच्या नावानं हाक मारते. मामांनी यादीचं कॅलेंडर कपाटावर टाकून दिलं. आता लांबात लांब जातात ते गल्लीच्या तोंडाशी, सकाळी दूध आणायला. तेवढ्यात दारातून तिची हाक येते, सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशी, बिनरावाची. पहिले काही दिवस पोरं हसायची, आता सवय झाली. मामा जिथं असतील तिथून 'आलो' म्हणतात. मग पिशवी या हातातून त्या हातात घेऊन, जरा थांबून, ते तिचं नाव घेतात. कधी तिला ऐकू जातं, कधी नाही. मी कामावर निघताना पुष्कळदा त्यांना बघतो: दूधवाल्याच्या शेजारी, रहदारीच्या मधोमध, दाराकडं तोंड करून उभे असतात. तिकडून उत्तर आल्याशिवाय ते पाऊल उचलत नाहीत, आणि मीही स्कूटर बाजूला घेऊन तेवढा वेळ थांबतो.